मारणाऱ्याचं नाव

किरपुओत गावात शांततेची बातमी रेडिओवरून आली आणि तिच्या मागून साबण आला. माणशी दोन वड्या. साबणाबरोबर पांढरे टी-शर्ट आले, त्यांच्या छातीवर दोन हात एकमेकांत गुंफलेले. ज्यांनी करार केला त्यांनी तो परमुलखातल्या गारेगार हॉटेलात केला. सही झाल्यावर मिठ्या मारल्या, फोटो काढले आणि तेच लोक त्याच खुर्च्यांवर परत येऊन बसले. लढाईच्या पाच वर्षांत त्यांच्या घरातलं एक मांजरसुद्धा मेलं नव्हतं.

न्यादाक त्या पाच वर्षांत शहराजवळच्या तळावर होती. काटेरी तारांच्या आत, निळ्या टोप्यांच्या परदेशी शांतिसैनिकांच्या पहाऱ्यात, ताडपत्रीखाली. करार झाल्यावर ती गावाला परतली. चिखल तुडवून भिंत लिंपली, गवत कापून छप्पर घातलं, ज्वारी पेरली. तिला गावात सगळे ‘दुओपची आई’ म्हणत. दुओप तिचा थोरला. लढाईच्या दुसऱ्या वर्षी तो ओढ्याच्या काठी, लव्हाळ्यात पडला. हाक मात्र अजून त्याच्याच नावाने यायची. एखादी बाई सहज ओरडायची, “दुओपच्या आई, विस्तव आहे का गं?” आणि न्यादाक दर वेळी आधी ओढ्याकडे बघायची.

ओढ्याच्या पलीकडे दोरगाक. तीही माणसं नुएर जमातीचीच. कपाळावर त्याच सहा रेघा कोरलेल्या, तीच भाषा, तीच गुरं. दोन्ही गावांच्या लेकी एकमेकांकडे दिलेल्या. लढाई पेटली तेव्हा दोरगाकचे सरदार सरकारकडून उभे राहिले आणि किरपुओतचे बंडखोरांकडून. कुणी विचारून घेतलं नव्हतं. ज्या बाजूचा ट्रक आधी आला त्या बाजूची पोरं झाली.

पूर्वी या मुलखात एक रीत होती. माणूस मारला गेला की मारणारा लपत नसे. तो तडक मातीच्या मानकऱ्याच्या दारी जायचा. मानकरी मासे मारायच्या भाल्याने त्याच्या दंडावर चीर द्यायचा आणि मेलेल्याचं रक्त त्याच्या अंगातून बाहेर काढायचा. मग बैल कापायचा, उभा दोन भागांत, आणि दोन घरांतलं वैर त्या मधल्या जागेतून जायचं. ते होईपर्यंत दोन्ही घरांनी एका भांड्यातलं खायचं नाही की प्यायचं नाही. खाल्लं, किंवा ते रक्त मारणाऱ्याच्या अंगातच राहिलं, तर पोरं मरतात. हे सगळ्यांना ठाऊक होतं, जसं आगीने भाजतं हे ठाऊक असतं.

लढाईत साहेब लोकांनी फर्मान काढलं की ही सरकारी लढाई आहे, बंदुकीने मेलेल्याचा विटाळ लागत नाही. फर्मान काढायला कारण होतं. नाहीतर पोरं पहिला माणूस मारला की बंदूक टाकून मानकऱ्याच्या दारी रांग लावून बसली असती, मग लढलं कोण असतं? पोरांनी माना डोलावल्या आणि गोळ्या झाडल्या. पण पोटातून कुणी ते मानलं नाही.

न्यादाकचा धाकटा, बिएल, बावीस वर्षांचा. करारात ठरलं होतं की दोन्हीकडची पोरं एका छावणीत शिकवून एकच फौज करायची. बिएल तिथे दोन वर्षं काढून आला. बंदुका आल्याच नाहीत, म्हणून सगळ्यांना काठ्या दिल्या होत्या. काठी खांद्यावर घेऊन कवायत, काठी रोखून नेमबाजी. खायला दिवसातून एकदा ज्वारीची पेज, कधी तीही नाही. शेवटी भाषणं झाली, पगार झाला नाही, आणि पोरं पायी घरी आली. गावातली टारगट त्याला बघितलं की ओरडायची, “ए काठीवाली पलटण! आमच्या शेळ्या वळशील का?”

बिएल हसायचा. हसून झाल्यावर त्याचा चेहरा तसाच राहायचा, दात दिसत असलेला. त्याचीच तिला भीती वाटायची.

“काय होतंय तुला?” एकदा तिने विचारलं. तो गोठ्यातली राख दातांना चोळत होता.

“काही नाही.”

“काही नाही तर मग ओढ्यावर जाऊन तासन् तास पलीकडे काय बघत बसतोस?”

तो थुंकला. “आई, छावणीत माझ्या शेजारी दोरगाकचा एक झोपायचा. चांगला होता. त्याने मला त्याची चप्पल दिली. पण रात्रभर मला एकच वाटायचं, हाच असेल. पाणी आणायला दुसरा भेटला की वाटायचं, हा असेल. त्या काठचा कुणीही दिसू दे, मला वाटतं यानेच माझा भाऊ मारला. दोनशे माणसं आहेत तिकडे. दोनशेच्या दोनशेंवर मी किती दिवस दात धरायचा?”

जंगलात एक जनरल बसला होता, ज्याला करार मान्य नव्हता, कारण त्यात त्याला खुर्ची नव्हती. तो असल्या पोरांचीच वाट बघत होता. त्याच्याकडे काठ्या नव्हत्या, बंदुका होत्या. गावातली चार पोरं आधीच गेली होती. बिएलचा दोस्त थिजिन रोज येऊन बसायचा आणि जंगलाच्या दिशेला बघत बोलायचा.

तेव्हा न्यादाकच्या डोक्यात आलं की एक नाव हवं. कुणी मारलं ते कळलं, तो माणूस पुढे आला, त्याचा दंड कापला गेला, तर उरलेली एकशे नव्याण्णव माणसं पुन्हा नुसती माणसं होतील. तिचा पोरगा घरात राहील. तिला दुसरं काही नको होतं. ना गाई, ना न्याय. पोरगा घरात.

आणि नाव चालत आलं.

न्यादाक ओढ्याकाठी मासे वाळत घालत होती. पलीकडून एक बाई गुडघाभर पाण्यातून आली आणि दहा पावलांवर थांबली. दोरगाकच्या विचुआलची बायको, न्याकोंग. लग्नाआधी दोघी एकाच वस्तीत नाचलेल्या.

“जवळ येऊ नकोस,” न्यादाक म्हणाली.

“येत नाही. माझी चिलीम माझ्याजवळ आहे, तुझी तू ओढ.”

“तंबाखू तरी आहे का त्यात, की नुसती चिलीम मिरवतेस?”

“शेण आहे. सरकारकडच्या लोकांना चांगलं शेण मिळतं.”

दोघींनाही हसू आलं आणि दोघींनीही ते गिळलं. मग न्याकोंग खाली बसली. “दुओपच्या आई, माझी तीन पोरं गेली. एक तापाने, दोन अशीच, पोट फुगून. चौथी खोकतेय. माझा नवरा जेवत नाही. परवा बोलला. म्हणाला, दुओपला मीच मारलं. मला मानकऱ्याकडे ने.”

न्यादाकने हातातला मासा खाली ठेवला. ती म्हणाली, “पाच वर्षं तू हे घेऊन झोपत होतीस?”

“मला परवा कळलं. शिव्या द्यायच्या असतील तर दे. पण आधी सांग, तुझा पोरगा येईल का? हत्यार न घेता?”

“येईल,” न्यादाक म्हणाली. “मी आणीन. नाही आला तर मी त्याच्या पायात आडवी पडेन.”

मातीचा मानकरी तोआंग आता फार म्हातारा झाला होता. मानकऱ्याची खूण असलेलं त्याच्या घराण्याचं बिबट्याचं कातडं पळापळीत जळालं होतं. म्हणून तो मदतवाल्यांनी वाटलेली ठिपक्यांची चादर खांद्यावर घ्यायचा.

“म्हातारबा, या चादरीला देव फसेल का?” न्यादाकने विचारलं.

“देवाला माझी ओळख कातड्यावरून नाही. तुम्हाला लागतं कातडं.” तो खोकला. “पण आयुक्ताचा निरोप आलाय. लढाईतल्या गोष्टी उकरायच्या नाहीत म्हणे. करारात लिहिलंय, सगळं माफ.”

“कुणी कुणाला माफ केलं?”

“त्यांनी त्यांना.”

“मग तुम्ही घाबरता का?”

“मी या वयात आयुक्ताला कशाला घाबरू, पोरी? मी बंदुकीला घाबरतो. भाल्याने मारलेलं हाताला कळतं. भाला आत जातो, हाड लागतं, माणूस तुझ्याकडे बघतो. गोळीचं तसं नाही. लांब गेलेली गोळी कुणाची, कोण सांगणार?”

“तो माणूस स्वतः सांगतोय ना! तुम्हाला आणखी काय पाहिजे?”

तोआंग काही बोलला नाही. न्यादाकने त्याचं गप्प बसणं म्हणजे होकार धरला. पुढे तिला कळलं की तो होकार नव्हता.

बिएलला तिने तीन दिवस समजावलं. चौथ्या दिवशी तो म्हणाला, “ठीक आहे. एक माणूस. एक बैल. संपलं.” आणि त्या संध्याकाळी तो ओढ्याकडे गेला नाही. तुटलेली खुराडी दुरुस्त करत बसला आणि पायाखाली आलेल्या कोंबडीला शिव्या घालत राहिला. न्यादाकला वाटलं, इतकं सोपं होतं, आणि आपण पाच वर्षं वाया घालवली.

ठरल्या सकाळी ओढ्याच्या वरच्या अंगाला, मोठ्या चिंचेखाली, दोन्हीकडची माणसं जमली. मधे भांडण नको म्हणून मोकळी जागा सोडलेली. विचुआल पांढरा बैल घेऊन आला. हाडांचा सापळा झालेला माणूस. तो बिएलच्या समोर, पंधरा पावलांवर उभा राहिला आणि जमिनीकडे बघत बोलला.

“निळा सदरा होता. लव्हाळ्यातून वर येत होता. मी गवतात पालथा होतो. मी झाडली आणि तो बसला. तो पडला नाही, बसला. मग आडवा झाला. तो दुओप आहे हे मी जवळ गेल्यावर बघितलं. लहानपणी आम्ही एकाच ठिकाणी गुरं राखायचो.”

बिएलने विचारलं, “काही बोलला का?”

“नाही.”

तोआंगने भाल्याचं टोक टेकवलं आणि विचुआलच्या दंडावर वरून खाली चीर दिली. रक्त कोपरापर्यंत आलं, मातीत पडलं. न्यादाक बायकांच्या घोळक्यातून लेकाकडे बघत होती. त्याचे खांदे खाली आले. पाच वर्षांत तिने त्याला असं बसलेलं बघितलं नव्हतं, अंगातली दोरी कुणीतरी सोडल्यासारखं. तिने तोंडावर हात ठेवला.

बैल आडवा पाडायला माणसं उठली, तेवढ्यात दोरगाकच्या बाजूने एक तरणा पुढे आला. पाल त्याचं नाव. त्याच्या बायकोला दोनदा मेलेलं मूल झालं होतं. त्याच्या मनात कपट नव्हतं. ते असतं तर बरं झालं असतं.

“म्हातारबा,” तो म्हणाला, “निळा सदरा म्हणाला ना? त्याच्यावर मीही झाडली होती. विचुआलच्या उजव्या हाताला होतो मी. माझाही दंड कापा.”

“खाली बस,” तोआंग म्हणाला.

“का बसू? याची पोरं मेली, माझी नाही मेली का? मलाही मोकळं करा!”

मग तिसरा उठला. मग चौथा. पाच वर्षं पोटात दाबलेलं होतं सगळ्यांच्या, एकाचं बूच निघाल्यावर दुसऱ्याचं कसं राहणार? एक म्हणाला, मी त्याच्या पायावर मारली. एक म्हणाला, मला माहीत नाही, मी डोळे मिटून झाडत होतो, पण कापा. सगळे खरं बोलत होते. लढाईत एवढं खोटं बोलली ही माणसं, तेव्हा कुणी मेलं नाही त्या खोट्याने. आता खरं बोलायला लागली.

विचुआल रक्ताळलेला हात धरून ओरडला, “अरे, माझं झालंय! माझा दंड कापलाय! म्हातारबा, माझं झालं ना? सांगा यांना!”

तोआंग भाला हातात घेऊन उभा होता. त्याच्या खांद्यावरून चादर घसरली होती. “तुझ्या गोळीने मेला की याच्या, मला कसं कळणार? मी कुणाचं रक्त काढलं? मेलेला एक, बैल एक, तुम्ही चार जण. मला हे येत नाही. माझ्या बापाने मला हे शिकवलं नाही.”

न्यादाक पुढे धावली. बाईने त्या मोकळ्या जागेत पाय ठेवायचा नसतो, तरी ठेवला. “गप्प बसा!” ती किंचाळली. “एकानेच मारलंय! विचुआलने मारलंय, तो म्हणालाय! बाकीचे घरी जा! मला नको तुमची नावं, चला, घरी जा!”

पण पाल आता थांबेना. सांगत सुटलेला माणूस तो. “त्या दिवशी मी आणखी एक पाप केलंय, तेही काढा. लव्हाळ्यात हललं काहीतरी, मी झाडली. बाई होती. मासे धरायची टोपली होती डोक्यावर.”

किरपुओतच्या बाजूला थिजिन बसला होता. त्याची आई त्या दिवशी मासे धरायला गेली ती परत आली नव्हती. घरच्यांनी मगरीने नेली असं धरलं होतं.

“नेसली काय होती?” थिजिनने विचारलं. अगदी हळू, वाट विचारावी तसं.

“पिवळं. पिवळंच होतं वाटतं.”

थिजिन उठला, मागची माती झटकली आणि चालायला लागला. कुणी हत्यार काढलं नाही, कुणी कुणाला हात लावला नाही. दोन्हीकडची माणसं कुजबुजत पांगली. बैल चिंचेला बांधलेला तसाच राहिला, जिवंत. तो ना या काठचा उरला ना त्या.

घरी बिएलने आईच्या हातची पेज खाल्ली. भांडं धुऊन ठेवलं. कधी धुवायचा नाही तो.

“पोरा,” न्यादाक म्हणाली, “विचुआलचा दंड कापलाय. तू बघितलंस ना डोळ्यांनी?”

“बघितलं.”

“मग संपलं म्हण.”

“आई, तुझं काही चुकलं नाही.” तो तिच्याशी परक्या बाईशी बोलावं तसं, आदराने बोलत होता. “आधी मला दोनशे माणसांचा राग यायचा. आता चौघांचाच येतो. बाकीच्यांशी माझं काही भांडण राहिलं नाही. तू म्हणाली होतीस तसंच झालं.”

ती दारात आडवी पडली. खरोखर पडली, जमिनीवर, दोन्ही हात पसरून. तो वाकला, तिच्या डोक्याजवळच्या मातीला बोटं लावली आणि तिला ओलांडून गेला. भर दुपार होती. थिजिन कुंपणाशी थांबला होता.

नवव्या दिवशी ते जनरलच्या बंदुका घेऊन आले. पाल होडीत मासे मारताना गेला. विचुआल गोठ्यात गेला, त्याच्या दंडावरची खपली अजून ओली होती. तिसरा सापडला नाही म्हणून त्याच्या भावाला मारलं. चौथ्याने डोळे मिटून गोळ्या झाडल्या होत्या, हे त्याने स्वतःच सांगितलं होतं. त्याला डोळे उघडे ठेवायला लावून मारलं म्हणतात. पुढच्या दोन दिवसांत दोरगाकने किरपुओत जाळलं आणि किरपुओतच्या पोरांनी दोरगाक जाळलं. न्यादाकची उभी ज्वारी जळाली. बिएल ओढ्याच्या उतारावर पडला. मधे पाणी होतं, पलीकडून पन्नास बंदुका चालत होत्या. त्याला कुणी मारलं हे सांगायला कुणी आलं नाही, आणि आता या मुलखात कधी कुणी येणार नाही.

पंधरवड्याने पांढऱ्या गाडीतून देखरेख समिती आली. दोन्हीकडचे साहेब एकाच गाडीत, मांडीला मांडी लावून. जळक्या झोपड्यांचे फोटो घेतले. गुरांच्या चोरीवरून स्थानिक भांडण झालं, असं लिहिलं. करार टिकून आहे, असंही लिहिलं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तिथेच टाकून गेले. पोरांनी त्या पळवल्या.

न्यादाक चार दिवस चालून तळावर पोचली. तारा होत्या, पण निळ्या टोप्या नव्हत्या. शांतता झाल्यामुळे पहारा काढून घेतला होता. फाटकाजवळ एक टेबल, टेबलामागे राजधानीहून, जुबाकडून आलेला एक तरुण कारकून, हातात पाटीसारखा मोबाइल. पुढे लांबलचक रांग. रांगेत तिच्या मागे न्याकोंग उभी होती, पाठीला खोकणारी पोर बांधून. दोघी सकाळपासून पुढेमागे उभ्या होत्या आणि एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“नाव?” कारकुनाने विचारलं.

“न्यादाक.”

“घरात माणसं किती?”

“मी.”

“घर कशामुळे सोडलं, मावशी? इथे चार कारणं आहेत. पूर, दुष्काळ, गुरांचा वाद, आजार.”

“लढाई नाही?”

“लढाई संपली ना, मावशी. ते कारण काढून टाकलंय.” तो वाईट पोरगा नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, “काय झालं ते मला सांगा. कुणी मारलं, कुणी जाळलं. मी दुसरीकडे लिहून ठेवतो. नावं सांगा.”

न्यादाकने त्याच्याकडे नीट बघितलं. बिएलएवढाच असेल. कपाळावर रेघा नव्हत्या, शहरात वाढलेला.

“पूर,” ती म्हणाली.

कारकुनाने बाहेर नजर टाकली. जमीन भेगाळून पडली होती. चार महिन्यांत आभाळातून थेंब आला नव्हता. “या दिवसांत पूर?”

“पूर आला. सगळं वाहून गेलं.”

त्याने थोडं थांबून बोट टेकवलं आणि तिला कागदाचा चिटोरा दिला. “पुढची.”

न्याकोंग पुढे सरकली. पाठीवरची पोर खोकली.

“तुम्ही घर कशामुळे सोडलं?”

“पूर,” न्याकोंग म्हणाली.